बाळाचे गाल पोपडतात तेव्हा: तान्ह्या मुलांच्या इसबाविषयी

माझी लेक ऑगस्टमधली. बाळंतपणाला मी निफाडजवळ माहेरी होते आणि डिसेंबर लागला तसे तिचे गाल बदलायला लागले. आधी नुसते कोरडे वाटायचे. येणारी-जाणारी म्हणायची, थंडीनं फुटलेत, साय लाव. मी साय लावली. मग दोन्ही गालांवर खरखरीत चट्टे उठले, त्यातून पाण्यासारखं पाझरायला लागलं, ते वाळून खपली धरायची आणि रात्री ती माझ्या खांद्यावर गाल घासून घासून ती खपली काढायची. सकाळी गाऊनच्या खांद्यावर तांबूस ठिपके दिसायचे. एवढ्याशा बाळाला कुठून खाजवता येणार, असं मी धरून चालले होते. पण हात नीट वळत नसले तरी खाज सुटलेलं बाळ घासतं, अंथरुणावर डोकं इकडून तिकडे फिरवतं, पायावर पाय चोळतं. हे कळायला मला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांची हळहळ अजून आहे.

त्या चट्ट्यांचं नाव इसब. डॉक्टर एक्झिमा म्हणतात आणि कागदावर ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ असं लिहितात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे नाव कळल्यावर वाचत सुटले, आणि आता ओळखीत कुणाकडे बाळ झालं आणि गाल पोपडले की फोन मला येतो. फोनवर जे दर वेळी सांगते ते इथे एकदा सविस्तर लिहिते आहे.

सारवण पातळ असलेली जमीन

आपल्याकडे पहिली समजूत अशी की बाळाच्या अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, पडू द्या, दाबू नका. एक्झिमा हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचाही अर्थ उकळून वर येणं असाच आहे, म्हणजे ही कल्पना फक्त आपलीच नाही. पण त्वचेत प्रत्यक्षात जे चालतं ते वेगळं आहे.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदासारखा पातळ असतो. आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरची घाण बाहेर, हे त्याचं काम. माझ्या आजोळी मातीचं घर होतं, त्यामुळे मला हे सारवलेल्या जमिनीवरून चटकन उमगलं. जमीन वेळच्या वेळी सारवली की एकसंध, घट्ट राहते. सारवण चुकलं की ती सुकते, भेगाळते, पोपडे निघतात आणि भेगांतून मुंग्या वर येतात. इसब होणाऱ्या बाळाच्या त्वचेचं सारवण मुळातच पातळ असतं. पेशींच्या मधल्या फटी भरणारी चरबी कमी पडते. शिवाय फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे, ते वरच्या थराला घट्टपणा देतं आणि ओल धरून ठेवतं. काही मुलांत ते पुरेसं तयारच होत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं, की या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. त्याआधी बहुतेकांचं लक्ष अ‍ॅलर्जीकडे होतं, त्या शोधानंतर ते त्वचेच्या या थराकडे वळलं. ज्यांच्या जनुकात हा दोष नाही अशा मुलांनाही इसब होतो, पण थर गळका असणं हे बहुतेक सगळ्यांत सारखं.

भेग पडली की आतलं पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. त्याच भेगेतून साबण, घाम, धूळ, जंतू आत शिरतात आणि शरीर त्यांच्यावर चिडून सूज आणतं. सुजेनं खाज वाढते, बाळ घासतं, भेग रुंदावते. हे गाडं एकदा फिरायला लागलं की आपलं आपण थांबत नाही. म्हणून भेग रोज बुजवायची, सूज चढली की ती औषधानं उतरवायची आणि नवी भेग पाडणाऱ्या गोष्टी कमी करायच्या. पुढे लिहिलेलं सगळं या तिन्हींपैकी कशात तरी बसतं.

घरात कुणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा लहानपणी इसब असेल तर बाळाला होण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे नवरा उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका देतो आणि माझ्या सासूबाईंना दमा आहे. इसब संसर्गजन्य नाही. बाळाला कुणी कडेवर घेतलं म्हणून त्याला होत नाही, आणि गरोदरपणात आईनं काही ‘उष्ण’ खाल्लं म्हणून बाळाला झाला असंही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पपईचं नाव माझ्यासमोर निदान चार वेळा निघालं होतं.

चट्टा कशाचा आहे

बहुतेक मुलांत इसब पहिल्या वर्षातच दिसायला लागतो, बरेचदा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात. जागा ठरलेल्या असतात: गाल, कपाळ, टाळू, हातापायांची बाहेरची बाजू. नाकाचा शेंडा आणि लंगोटाखालची जागा सहसा सुटते. लंगोटाखाली ओल असते, म्हणून तिथली त्वचा कोरडी पडत नाही. मूल रांगायला-चालायला लागलं की चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मनगटावर, मानेवर सरकतात.

पुस्तकांत आणि इंटरनेटवर इसब ‘लालभडक’ दिसतो, कारण तिथले फोटो बहुतेक गोऱ्या मुलांचे. आपल्या सावळ्या रंगावर तो लाल दिसेलच असं नाही. तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, कधी नुसती बारीक पुरळ, काटा आल्यासारखी. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. तळहात बाळाच्या अंगावरून हलकेच फिरवा. गुळगुळीत अंगावर मध्येच खरखर लागली की तिथे इसब आहे किंवा यायच्या वाटेवर आहे.

खाज ही मुख्य खूण. खाज नसेल तर दुसरं काहीतरी असण्याची शक्यता धरावी. टाळूवर, भुवयांत, कानामागे तेलकट पिवळ्या खवल्या आणि बाळ मजेत असेल तर तो बाळकोंडा, काही महिन्यांत जातो. घामोळं उन्हाळ्यात किंवा कुंची-स्वेटरात गुंडाळलेल्या बाळाला मानेवर, पाठीवर उठतं आणि अंग थंड केलं की दोन दिवसांत बसतं. नायटा गोल असतो, कड उठलेली आणि मध्ये जरा स्वच्छ. खरूज ओळखायची तर घरात विचारायचं, कारण एकट्या बाळाला खाज नसते, रात्री घरातली दोघं-तिघं तरी खाजवत असतात आणि बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, काखेतही पुरळ असते. इसबासाठी अशी एखादी रक्ततपासणी नाही. डॉक्टर बघून, हात लावून आणि घरची माहिती विचारून निदान करतात.

मालिश, डाळीचं पीठ आणि बंबातलं पाणी

आमच्याकडे अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी साठीच्या होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवरून गेलेली. पायांच्या खोबणीत बाळ आडवं घ्यायचं, तिळाचं तेल जिरवायचं, मग डाळीचं पीठ आणि दूध कालवून ते अंगावर चोळायचं, लव निघेपर्यंत, आणि शेवटी बंबातलं कढत पाणी. अंघोळ झाली की शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. बाळ लालबुंद होऊन गाढ झोपायचं. सगळं मायेनं चाललेलं, आणि निरोगी त्वचेची बाळं ते सोसूनही जातात. पण ज्या बाळाचं सारवण आधीच पातळ आहे त्याच्यासाठी यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरवडणारी आहे. पीठ चोळल्यानं वरचा थर निघतो. कढत पाणी उरलीसुरली चरबी धुऊन नेतं. धूर खाज वाढवतो, श्वासालाही वाईट.

साबणाचंही तसंच. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा साबण बराच अल्कधर्मी. लहान मुलांच्या नावानं विकला जाणारा, छान वास येणारा साबण त्याला अपवाद नाही. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतणं, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं चोळून धुणं, हेही फुटलेल्या त्वचेला झोंबतं.

मग अंघोळ कशी? पाणी कोमट, आपल्या कोपराला गरम न लागणारं. वेळ पाच ते दहा मिनिटं. साबणाऐवजी बिनवासाचं, साबणविरहित सौम्य क्लिन्झर, तेही फक्त मळ साचतो तिथे. मऊ पंचानं पाणी टिपायचं, पुसायचं नाही. आणि अंग अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझरचा जाड थर. वाळलेल्या अंगावर तासाभरानं लावलेल्या क्रीमचा निम्मा उपयोग वाया जातो, कारण कोंडायची ओलच तोवर उडून गेलेली असते.

मावशींना मी हे कसं सांगितलं ते लिहायला हवं, कारण बऱ्याच घरांत गाडी तिथेच अडते. मी म्हटलं, “मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय हिची कातडी कच्ची आहे, सहा महिने जपायला हवं. तुम्ही या, हिला तुमच्याच हाताची सवय आहे. फक्त पीठ नको, आणि पाणी मी काढते.” त्या म्हणाल्या, “बरं बाई, तुझी लेक.” दुसऱ्या दिवसापासून त्याच क्रीम लावायच्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं लावायच्या. वरून खाली, लव ज्या दिशेनं असते त्या दिशेनं, न रगडता.

तेलाचं विचाराल तर सगळी तेलं सारखी नाहीत. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल त्वचेच्या वरच्या थराला उलट त्रास देतं असं अभ्यासांत दिसलं आहे. घाण्याच्या शुद्ध खोबरेल तेलाची बाजू बरी. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या मुलांवर आठ आठवडे केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. कोकणात, गोव्यात आजी खोबरेलच लावत असेल तर लावू द्या. पण नुसतं तेल ओल धरून ठेवायला कमी पडतं, त्यामुळे इसबाच्या बाळाला क्रीम किंवा मलम हवंच, तेल वरचं.

आता सायीबद्दल. अन्नाची पहिली ओळख बाळाला पोटातून व्हावी, फुटलेल्या त्वचेतून नव्हे. लंडनमधले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी हा विचार मांडला आणि त्याला पुढे बराच आधार मिळाला: भेगांतून अन्नाचे कण आत शिरले की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं, आणि तेच अन्न वेळेवर खाण्यातून गेलं की त्याला ओळखीचं मानतं. म्हणून पाझरणाऱ्या गालावर दूध, साय, डाळीचं पीठ, शेंगदाण्याचं किंवा बदामाचं तेल लावू नये. मी साय लावली तेव्हा हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही नव्हतं.

डबा रिकामा व्हायला हवा

मॉइश्चरायझरबद्दल सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंजुषी. छोटी ट्यूब दोन महिने पुरते आहे याचा अर्थ ती लागतच नाही. इसब असलेल्या तान्ह्या बाळाला सर्वांगाला दिवसातून दोन-तीनदा लावायचं तर आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास सहज लागतं. महागडं हवं असंही नाही. बिनवासाचं आणि घट्ट हवं. बाटलीतून ओघळणाऱ्या लोशनमध्ये पाणी जास्त असतं, म्हणून क्रीम बरं आणि कोरड्या थंडीत मलम त्याहून बरं. साधी पांढरी पेट्रोलियम जेलीही चालते, स्वस्त पडते. दमट मुंबईत किंवा मेच्या उकाड्यात मात्र चिकट थराखाली घाम कोंडतो, तेव्हा हलकं क्रीम घ्यावं. लंडन-टोरोंटोकडे राहणाऱ्या मैत्रिणींची तक्रार उलटी असते, तिथे हिवाळाभर हीटरनं घरातली हवा सुकून जाते. त्यांनी मलमच वापरावं. डब्यात बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्यानं काढून घ्या, नाहीतर बोटांवरचे जंतू डब्यात वस्तीला जातात.

एक सावधगिरी कुणीच सांगत नाही. असं क्रीम आणि जेली मुरलेले कपडे, दुपटी आगीजवळ फार पटकन पेटतात. समईजवळ, धुरीच्या शेगडीजवळ, गॅसजवळ अशा कपड्यातलं बाळ नेऊ नका.

निरोगी बाळाला जन्मापासून रोज क्रीम लावलं तर इसब टळतो का, हे ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर तपासलं गेलं. २०२० साली निकाल आला: टळत नाही. म्हणजे तुमच्या बाळाला इसब झाला तो तुम्ही क्रीम लावलं नाही म्हणून नव्हे. पण एकदा झाला की क्रीम हाच रोजचा पाया.

स्टेरॉइडची भीती, आणि खरी भीती कशाची

डिसेंबरच्या शेवटी मी औषधांच्या दुकानात गेले आणि बाळाच्या गालावर लावायला काहीतरी द्या म्हटलं. चिठ्ठी न विचारता एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत गाल लोण्यासारखे झाले. मी खूश. आठव्या दिवशी ट्यूब संपली आणि चट्टे आधीपेक्षा दुप्पट होऊन परतले. बालरोगतज्ज्ञांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं: एक जहाल स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक, तिन्ही एकत्र. मोठ्या माणसाच्या जाड त्वचेवरही जपून लावायचं ते औषध मी चार महिन्यांच्या गालावर आठवडाभर चोळलं होतं.

या मिश्र मलमांनी आपल्या देशात फार नुकसान केलं आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. लेबल नसलेल्या डबीतलं ‘देशी’ मलमही याच पंगतीतलं. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा डबीत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

या अनुभवानंतर डॉक्टरांनी मला पुन्हा स्टेरॉइडचीच चिठ्ठी दिली तेव्हा मी खुर्चीतच आक्रसले. त्यांनी शांतपणे समजावलं. स्टेरॉइड मलमांच्या पायऱ्या असतात. मिळालं होतं ते अगदी वरच्या पायरीचं. आता देत होते ते एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सगळ्यात खालच्या पायरीचं, बाळाच्या चेहऱ्यासाठी योग्य. योग्य ताकदीचं, योग्य जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते सूज उतरवतं आणि त्वचा पातळ होण्याची भीती फार कमी राहते. उलट भीतीपोटी टिंबभर लावायचं, एक दिवस लावून दोन दिवस सोडायचं, यानं सूज अर्धवट राहते, बाळ महिनोन्महिने खाजवत राहतं आणि शेवटी एकूण औषध जास्तच लागतं.

किती लावायचं याचं एक माप आहे, १९९१ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी बसवलेलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेषेपासून टोकापर्यंत ट्यूबमधून एक पट्टी पिळायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन तळहात झाकले जातील एवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अशी एक पट्टी पुरे, एका संपूर्ण पायाला दीड. चट्टा असेल तिथेच लावायचं, सगळ्या अंगाला नाही. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे एकानं दुसरं पातळ होत नाही.

थांबायचं कधी, हेही हातच सांगतो. रंग अजून काळपट दिसत असला तरी खरखर गेली, खाज गेली, तर सूज उतरली. रंग सावकाश जाईल. एकाच जागी पुन्हा पुन्हा उठत असेल तर काही डॉक्टर त्या जागेवर आठवड्यातून दोनदा औषध चालू ठेवायला सांगतात. तो निर्णय त्यांचा. खाजेसाठी झोप आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध बाळाला मनानं कधीही देऊ नका. त्यानं इसबाची खाज थांबत नाही आणि तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकतं.

आईचं ताट

बाळाला इसब झाला की आईच्या ताटातून आधी वांगं जातं, मग दही, मग डाळ, शेंगदाणे, अंडी, आणि शेवटी ती बाजरीची भाकरी आणि दुधीच्या भाजीवर येते. मी महिनाभर अशी काढली. दूध आटलं, मी चिडचिडी झाले, चट्टे तसेच राहिले.

अन्नाची अ‍ॅलर्जी काही मुलांत खरोखर असते, मुख्यतः ज्यांचा इसब लवकर सुरू झालेला आणि जोरदार आहे त्यांच्यात. तिची चाल वेगळी असते. ते अन्न खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. असं झालं तर ते अन्न थांबवून डॉक्टरांकडे जा, आणि श्वास घुसमटला तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठा. पण असं काही नसताना नुसत्या रक्ततपासणीच्या यादीवरून दहा पदार्थ बंद करू नयेत. तपासणीत आकडा वर आला म्हणजे ते अन्न बाधतंच असं नाही, आणि विनाकारण बंद केलेल्या अन्नाची खरी अ‍ॅलर्जी पुढे होण्याचा धोका असतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं पोटभर, नेहमीचं जेवावं.

वरच्या खाण्याला उशीर करू नये, यामागे एक मोठी चाचणी आहे. २०१५ साली लॅक यांच्याच गटानं ६४० बाळांवरचा निकाल प्रसिद्ध केला. सगळी बाळं जोरदार इसबाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, वय चार ते अकरा महिने. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. ज्यांना दिले त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. महाराष्ट्रात तर दाण्याचं कूट घरोघरी असतं. मऊ खिचडीत किंवा पेजेत चिमूटभर बारीक कूट मिसळून सुरुवात करता येते. अख्खा दाणा मात्र मुळीच नाही, तो घशात अडकतो. आणि इसब जोरदार असेल तर ही पहिली चिमूटही डॉक्टरांना विचारून.

रात्र, कपडे, पाणी

खाज रात्री वाढते. अंथरुणात ऊब धरते आणि बाळाचं लक्ष गुंतवायलाही काही नसतं. जास्त गुंडाळू नका. आतला कपडा सुती, जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला. लोकरीचं झबलं थेट अंगाला लागू देऊ नये, आणि कडेवर घेणाऱ्याची लोकरीची शालही बाळाच्या गालाला लागते हे लक्षात ठेवा. नखं दर तीन-चार दिवसांनी कापा. कपडे वासाच्या पावडरीत न भिजवता सौम्य साबणानं धुवा आणि एक खळबळ जास्त द्या. मनगटातला नजरेचा काळा दोरा आणि कमरेचा करगोटा ओले राहतात आणि घासतात. मी ते काढून पाळण्याला बांधले, आणि माझ्या आईला तेवढं चाललं. लाळ गळायला लागली की हनुवटीवर आणि गालांवर खाण्याआधी पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा, म्हणजे लाळ आणि भाताची पेज त्वचेला लागत नाही.

पाणी जड असेल तर इसबाचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, आणि आमच्याकडे बोअरचंच पाणी. पण पाणी मृदू करणारं यंत्र बसवून झालेला इसब कमी होतो का, हे तपासलं तेव्हा फरक पडला नाही. ते पैसे क्रीमवर घाला.

ताबडतोब दाखवायचं कधी

चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली, पू, ओल वाढणं, भोवती गरम सूज, ताप: हे जंतू शिरल्याचं लक्षण, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. एकसारख्या आकाराचे बारीक फोड झुबक्यानं उठले, फुटून टोचा मारल्यासारखे खळगे पडले, बाळ तापलं आणि मलूल झालं, तर तो नागीण-कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि तो रात्रीतून पसरतो. सकाळची वाट बघू नका. ओठाच्या कडेला ताप उतून फोड येतात ना, तोच विषाणू. म्हणून ओठावर असे फोड असलेल्या कुणालाही, मग ती सख्खी आत्या का असेना, बाळाचा मुका घेऊ देऊ नका.

लसी मात्र वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या द्यायच्या. इसब आहे किंवा मलम चालू आहे म्हणून थांबवायचं कारण नाही. सुई चांगल्या जागी टोचायला सांगा, एवढंच.

पांढरे डाग

मार्चपर्यंत लेकीच्या गालांची खरखर गेली आणि चट्ट्यांच्या जागी फिकट पांढुरके डाग राहिले. एका लग्नात एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “कोड तर नाही ना ग? मुलीची जात आहे.” त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाग दिव्याखाली दाखवले: कड पुसट, रंग फिका पण पूर्ण गेलेला नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि रेखीव कडेचा असतो. सूज येऊन गेलेल्या जागी रंगद्रव्य मागे पडतं, आणि सावळ्या रंगावर ते जास्त उठून दिसतं. कुणाकुणाला त्या जागी उलटे काळे डाग राहतात. दोन्ही काही महिन्यांत आपोआप भरून येतात, त्यावर काहीही लावायचं नसतं. दिवाळीच्या फोटोत शोधूनही तिच्या गालावर डाग सापडत नाही.

बहुतेक मुलांचा इसब शाळेच्या वयात किंवा किशोरवयापर्यंत खूप कमी होतो, काहींचा अधूनमधून डोकं वर काढतो. माझी लेक आता सहा वर्षांची आहे. डिसेंबर लागला की कोपराच्या घडीत अजून खरखर येते. डबा तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला आहे. अंघोळ झाली की ती चमच्यानं क्रीम काढते, हातावर वरून खाली फिरवते आणि पाठ माझ्याकडे करून उभी राहते.